मी नापास केलेला सिनेमा

सिनेमाचं नाव मी सांगणार नाही. एकदा भर मंडळीत नाव घेऊन त्याची फुकट जाहिरात करून बसले, तेवढं पुरे झालं.

साल २००३, मे महिना. आम्ही दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहत होतो. माझे यजमान शांतवन मालगाडीवर गार्ड. ते घरी कमी आणि मनमाडच्या लाइनवर जास्त, त्यामुळे घरात कायदा माझा चालायचा. चर्चमध्ये मुलांची रविवारची शाळा मी घ्यायचे. पण माझं खरं पद वेगळंच होतं. ते मला कुणी दिलेलं नव्हतं आणि कुणाची काढून घ्यायची छातीही नव्हती. मी आमच्या मंडळीची सिनेमा तपासनीस होते. मंडळी म्हणजे आमच्या चर्चचे सगळे सभासद, साठेक घरं. त्यातलं कुठलंही पोर सिनेमा बघायला निघालं की आईबाप विचारायचे, "लुदियाबाईंनी बघितला का?"

मी बघितलेला असायचाच. मुलांच्या डोळ्यांत काय जातं यावर आईनं पहारा ठेवलाच पाहिजे, असं माझं मत होतं आणि अजूनही आहे. कुणाला हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं. माझी एक वही होती. तिच्यात प्रत्येक सिनेमाला चार रकाने: आईबापांचा मान, खोटेपणा, जादूटोणा आणि शेवट. शेवट गोड असून भागत नाही, तो कुणामुळे गोड झाला ते मी बघायचे. देवामुळे, कष्टामुळे, क्षमेमुळे झाला तर पास. मंत्रामुळे झाला तर नापास.

तपासायची रीतही माझी स्वतःची होती. माझे वडील नेवाशाकडे गावोगाव फिरून उपदेश करायचे. ते म्हणायचे, चिखल ओळखायला चिखलात लोळावं लागत नाही. म्हणून पडद्यावर जादू सुरू झाली, कुणी डोळे मिटून हात फिरवायला लागलं, की मी रिमोटचं बटण दाबून तो भाग पुढे ढकलायचे. जादू आहे एवढं कळलं की झालं, ती बघत बसायचं काय कारण? सीडीवर पुढे ढकललं की चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे, कुणाचं डोकं, कुणाचा हात असं काहीबाही दिसायचं. सगळं पुन्हा सरळ दिसायला लागलं की मी बटण सोडायचे आणि वहीत तिसऱ्या रकान्यात फुली मारायचे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. लपवलं असंही नाही, कुणी विचारलंच नव्हतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगतेय ती सांगते. मला दोन लेकरं. थोरली अबीगईल, तिला आम्ही अबी म्हणतो, आणि धाकटा ओबेद. ओबेद पाच वर्षांचा असताना, दीड वर्षापूर्वी, तापानं गेला. चार दिवसांचा ताप. दौंडहून पुण्याला नेला, पण उपयोग झाला नाही. मातीच्या वेळी मी रडले नाही. पुनरुत्थानाच्या दिवशी माझा लेक मला भेटणार आहे, मग रडायचं कशाला, असं मी येणाऱ्या जाणाऱ्याला ठणकावून सांगत होते. लोक म्हणाले, काय हा विश्वास! मलाही तसंच वाटलं.

अबी मात्र त्या दिवसापासून मिटली. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. जेव म्हटलं की जेवायची, अभ्यास कर म्हटलं की करायची, पण आपणहून एक शब्द नाही. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत तिची पाळी आली की खाली मान घालून बसायची. मी रागावले, समजावलं, तिच्या आवडीचे शेवयांचे पुडे आणले, उपास धरला. शांतवन म्हणायचे, होईल हळूहळू. दीड वर्षात काही झालं नव्हतं. एक लेकरू मातीत गेलं आणि दुसरं घरात असून नाही, अशी माझी गत. मला माझी पोरगी परत हवी होती. दुसरं काही नको होतं.

दरवर्षी मे महिन्यात आमच्या चर्चमध्ये मुलांची सुट्टीची शाळा भरते. सकाळी गाणी, गोष्टी, पाठांतर, दुपारी बारा वाजता सरबत आणि घरी. शेवटच्या शनिवारी मुलांना सिनेमा. स्टेशनबाहेर अक्रमचं सीडीचं दुकान होतं. तो आमच्या शेजारच्या सुगराबींचा मुलगा, त्याची धाकटी बहीण सायमा आमच्या अबीच्या वर्गात. टीव्ही, सीडी प्लेअर आणि सिनेमा तो दरवर्षी देवाच्या नावानं फुकट द्यायचा. या वर्षी त्यानं एक परदेशातला सिनेमा काढून दिला. माणसं गोरी, बोलणं हिंदी.

"काकी, एकदम साफ पिच्चर हाय," अक्रम म्हणाला. "मारामारी न्हाई, पप्पी न्हाई, शिवी न्हाई. पोरंबी बघत्यात, म्हातारीबी बघत्यात. माझी अम्मी दोनदा रडली."

"रडणं माझ्या वहीत धरत न्हाईत," मी म्हटलं आणि सीडी घेतली.

शुक्रवारी दुपारी अबीला सायमाकडे पाठवून मी दार लावून बसले. गोष्ट अशी होती. डोंगरातलं एक गाव. एका मुलीचा लहान भाऊ नदीत बुडून मेलेला. त्याचे लाल बूट तेवढे काठावर राहिलेले. गावाबाहेर एक म्हातारी राहते, तिच्याकडे उजेडाची सुई आहे. फुटलेली ताटली, मोडलेली खुर्ची, पाखराचा तुटका पंख, सगळं ती सुईनं शिवते आणि ते जोडलं जातं. इथपर्यंत मी दात ओठ खात बघितलं. मग ती मुलगी लाल बूट घेऊन म्हातारीकडे जाते आणि म्हणते, माझा भाऊ मला शिवून दे.

मी बटण दाबलं.

चौकोन उडाले. म्हातारीचा हात दिसला, सुई चमकली, मुलीचा चेहरा दिसला. बटण सोडलं तेव्हा पडद्यावर हिरवं कुरण होतं. ती मुलगी हसत पळत होती, आणि तिच्यापुढे एक मुलगा, पाठमोरा, पायात तेच लाल बूट. पुढे सगळे एका टेबलाशी बसून जेवले आणि सिनेमा संपला. मी वही उघडली. तिसरा रकाना फुल्यांनी भरला आणि चौथ्यात लिहिलं: मेलेलं पोर जादूनं उठवलं. नापास, नापास, नापास. तीनदा नापास मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या सिनेमाला लिहिलं नव्हतं.

रविवारी उपासनेनंतर सूचनांच्या वेळी मी उभी राहिले. सिनेमाचं नाव घेतलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "ह्या सिनेमात एक म्हातारी हाय. तिच्याकडं मेलेल्या पोराचा बूट नेला, तिनं जादूची सुई फिरवली, आन् पोर उठून पळायला लागलं. मेलेल्यांना उठवणारा एकच हाय, आन् त्याला सुई लागत न्हाई. आपल्या लेकरांनी हा सिनेमा बघायचा न्हाई."

"आमेन," मागून मंडळीचे पंच हौसराव म्हणाले. ते एरवी कुणाला आमेन देत नाहीत. मी बसले तेव्हा अबी माझ्याकडे टक लावून बघत होती. दीड वर्षात तिनं असं सरळ माझ्याकडे बघितलं नव्हतं. मला वाटलं, पोरीला आईचा अभिमान वाटला.

घरी येताना ती आपणहून बोलली.

"मम्मी, ती म्हातारी खरंच उठवती?"

"सिनेमात उठवती. खोटं असतंय ते सगळं."

"पण तू बघितलं ना? उठला तो?"

"ह्या डोळ्यांनी बघितलं."

"नुसता बूट नेला तरी चालतं?"

"अगं, जादूला काय, बूट काय आन् टोपी काय. चल, ऊन लागतंय."

मी इतकी आनंदात होते की घरी जाऊन गोडाचा शिरा केला. पोरगी एका दमात तीन प्रश्न विचारते म्हणजे देवानं उपास ऐकला. माझ्या वहीचा दुसरा रकाना खोटेपणाचा होता. त्या दिवशी त्यात माझं स्वतःचं नाव घालायला हवं होतं, पण तेव्हा मला ते कुठून सुचणार!

मंगळवारी सुट्टीची शाळा बाराला सुटली आणि अबी घरी आली नाही. एक झाला, दोन झाले. मी कॉलनीत दोन फेऱ्या मारल्या. परत आले तेव्हा लक्षात आलं, आतल्या खोलीतली पेटी उघडी. त्या पेटीत ओबेदचे कपडे होते आणि तिला कुलूप असायचं. किल्ली मी शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, कपाटात ठेवायचे, ती जागा फक्त आम्हा नवराबायकोला ठाऊक असं मला वाटत होतं. कपडे जागच्या जागी होते. त्याच्या निळ्या रबरी सँडलपैकी एक नव्हती. मी तशीच अनवाणी सुगराबींच्या घराकडे पळाले.

सुगराबी दारातच भेटल्या. "लुदियाबाई, आधी माझं ऐका, मग रागवा. पोरगी परवापासनं अक्रमच्या मागं लागली व्हती. तो न्हाई म्हणला. काकी मारतील, म्हणला. आज ती इथं उंबऱ्यावर बसून राह्यली, पाणी पण प्यायना. मग मीच म्हणले, लाव रे. काय बोलायचं ते मला बोला."

आत टीव्ही चालू होता. सिनेमा संपून नावं वर चालली होती. अबी जमिनीवर बसली होती, शेजारी सायमा. अबीच्या मांडीवर ओबेदची निळी सँडल होती आणि तिनं ती दोन्ही हातांनी धरली होती.

ती सँडल बघितली आणि मला सगळं कळलं. पोरगी सिनेमा बघायला आलीच नव्हती. पोर कसं उठवायचं ते शिकायला आली होती, आणि ते उठवता येतं हे तिला कुणी सांगितलं होतं? मी सांगितलं होतं. सभेत उभं राहून, आणि वर वाटेत, ह्या डोळ्यांनी बघितलं म्हणून.

अबी माझ्याकडे वळली. "तू खोटं बोललीस. तो उठत न्हाई."

"उठतो," मी म्हणाले. सवय! अजूनही मला वाटत होतं की मीच बरोबर. "बूट घालून पळतो की कुरणात."

"काकी, तो दुसरा हाय," सायमा म्हणाली. "शेजारचा. गरीब असतोय, त्याला बूट नसत्यात. मधलं तुम्ही बघितलं न्हाई काय?"

दहा अकरा वर्षांचं लेकरू, पण असा नेमका प्रश्न मला मंडळीतल्या एकाही पंचानं कधी विचारला नव्हता. मी सुगराबींकडे बघितलं. त्यांनी सीडी मागे नेली आणि मला बसायला सतरंजी टाकली.

मी ढकललेला भाग चार मिनिटांचा होता. म्हातारी लाल बूट हातात घेते, उलटसुलट बघते. सुई काढते, पण बुटाचा उसवलेला टाका तेवढा घालते आणि बूट परत देते. मुलगी ओरडते, हे नाही, मला भाऊ पाहिजे. म्हातारी म्हणते, बाळ, मोडलेलं मी जोडते, गेलेलं माझ्या हातात नाही, ते ज्याच्या हातात आहे त्याच्यापुढे मीही गुडघे टेकते. मुलगी तिला मारते, चिमण्या मुठींनी मारते. म्हातारी मार खाते आणि तिला जवळ घेते. मग ती मुलगी घरी येते, रात्रभर रडते, तिची आईही रडते, आणि सकाळी ती बूट घेऊन शेजारच्या पोराकडे जाते.

बस, एवढंच. माझे वडील असते तर त्यांनी यावर दोन रविवार उपदेश केला असता. आणि मी त्याला तीनदा नापास लिहिलं होतं! मला माझाच असा राग आला की वही तिथे असती तर चुलीत घातली असती.

"अबी, माझं चुकलं," मी म्हणाले. हे वाक्य मी तिला आजवर कधी म्हटलं नव्हतं. "मी मधलं बघितलं न्हाई, आन् बघितलं म्हणून सांगितलं. रविवारी सांगितलं तसंच आता सगळ्यांसमोर कबूल करीन."

"मला काय करायचंय त्याचं," अबी म्हणाली. "मला ओबेदला फक्त एकदा बोलवायचं व्हतं. पाच मिनिटं."

"कशाला गं, बाळा?"

ती सँडलचा पट्टा ओढत बसली. सुगराबी सायमाला म्हणाल्या, "चल, चहा ठेवू," आणि तिला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. मी सतरंजीवर सरकून अबीजवळ बसले आणि गप्प राहिले. गप्प राहणं मला जमत नाही, पण त्या दिवशी जमलं.

मग ती सँडलकडे बघत म्हणाली, "त्यानं प्रभुभोजनाची भाकर खाल्ली व्हती."

प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. मोठी माणसं भाकरीचा लहानसा तुकडा आणि द्राक्षरस घेतात, लहान मुलांना देत नाहीत. भाकर म्हणजे पावच, आणि शनिवारी त्याचे तुकडे कापून पांढऱ्या फडक्याखाली झाकून ठेवायचं काम आमच्या घरी असे.

"फडकं वर करून मूठभर खाल्ली," अबी सांगत होती. "मी बघितलं. मी म्हटलं, थांब, देव आता तुला आजारी पाडंल. तो रडायला लागला. मी म्हटलं, रडून काय उपयोग, आता मरशील. मग तिसऱ्या दिवशी ताप आला."

मी विचारलं, "असं कुणी सांगितलं तुला?"

"दर महिन्याला प्रभुभोजनाला वाचत्यात की. जो तसं खातो तो आजारी पडतो, कितीतरी जण मेले पण. मी त्याला बोलवून सांगणार व्हते की मी उगाच बोलले, देव रागावला न्हाई. म्हंजी त्याला भीती वाटायची न्हाई. तो भ्यायला व्हता, मम्मी. दवाखान्यात पण मला विचारत व्हता, देव अजून रागावलाय का म्हणून."

दीड वर्ष हे ओझं घेऊन हे लेकरू माझ्या ताटासमोर जेवत होतं. आणि मी तिला शेवयांचे पुडे आणत होते.

मला रडू फुटणार होतं. पण रडण्याआधी एक काम करायचं होतं, आणि ते मलाच येत होतं. निकाल द्यायचं.

"अबी, माझ्याकडं बघ. तो पाव कुणी आणला व्हता?"

"पप्पांनी."

"कुठनं?"

"बेकरीतनं."

"त्याच्यावर प्रार्थना झाली व्हती?"

"...न्हाई."

"मग तो बेकरीतला पाव. पाव कापल्यावर त्याच्या कडा कोण खातं ठाऊक हाय? मी खाते. दर महिन्याला, चहात बुडवून, दाराआड उभी राहून. मला कवा ताप आला?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"आन् जे वाचत्यात ना, ते मधनंच वाचत्यात. त्याच्या वरती काय लिहिलंय ते मला पाठ हाय. तिथं पोट भरलेली मोठी माणसं व्हती. ती आधी येऊन सगळं खाऊन बसायची, आन् गरीब मागनं येऊन उपाशी राह्यचा. त्यांना रागावून लिहिलंय ते. पाच वर्षांच्या पोराला न्हाई लिहिलं, ज्याला भूक लागली व्हती. पोरांना जवळ येऊ द्या म्हणणारा देव पावाच्या तुकड्यासाठी पोराला मारंल? ओबेदचा काही दोष न्हाई. तुझा काही दोष न्हाई. हा माझा निकाल हाय, आन् हा मी मधलं न ढकलता देतेय."

"मग तो का मेला?"

"ताप आला म्हणून मेला. ताप का आला ते मला ठाऊक न्हाई. डॉक्टरलाबी ठाऊक न्हवतं. देवाला विचारणार हाय मी, समोर गेल्यावर पहिलं तेच विचारणार हाय. पण त्यानं रागावून न्हाई नेलं. एवढं मला पक्कं ठाऊक हाय."

अबीचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तिनं माझ्या छातीवर मुठी मारल्या. एक, दोन, पाच, कितीतरी. मी मारू दिलं. मग मी रडले. मोठ्यानं, गळा काढून, जसं मातीच्या दिवशी रडायला हवं होतं तसं. सुगराबींनी चहा आणून ठेवला आणि तो थंड झाला.

शनिवारी मुलांसमोर आणि आलेल्या आईबापांसमोर मी उभी राहिले. "मागच्या रविवारी मी ह्या सिनेमाला नापास केलं. मधला भाग मी बघितला न्हवता. चूक सिनेमाची न्हाई, माझी हाय. सिनेमा पास. पाखराचा पंख सुईनं जोडत्यात ते मला अजूनबी आवडलेलं न्हाई, त्याबद्दल सोमवारी बोलू. अक्रम, लाव." एक दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. हसू देत. अबी माझ्या शेजारी बसून तो दुसऱ्यांदा बघत होती.

दुसऱ्या दिवशी जूनचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन. आदल्या संध्याकाळी पाव कापताना अबी शेजारी उभी राहिली. मी एक कड तिच्या हातात दिली, एक माझ्या तोंडात टाकली. तिनं ती बराच वेळ हातात धरली आणि मग खाल्ली.

चर्चमध्ये फडकं काढलं गेलं. आमचे पाळकसाहेब तरुण, भले गृहस्थ. त्यांनी शास्त्र उघडलं आणि दर महिन्याला जिथून वाचतात तिथून वाचायला सुरुवात केली. अबीनं माझा पदर मुठीत धरला. मी तिला सांगितलं होतं, पण माझं सांगणं घरातलं, आणि हे वाचन तिथे वरून, सगळ्यांसमोर. मी उभी राहिले.

"साहेब, जरा वरून वाचा. पाच सहा वचनं वरून."

हौसराव पंच वळून म्हणाले, "लुदियाबाई, बसा खाली. उपासना चाललीय."

"चाललीय म्हणूनच उठले," मी म्हटलं. "इथं लहान लेकरं बसत्यात, हौसराव. ती अर्धं ऐकून घरी जात्यात आन् उरलेलं मनानं लावत्यात. मी अर्धा सिनेमा बघून निकाल दिला, ते काल तुमच्यासमोर कबूल केलं. तीच चूक मंडळीनं दर महिन्याला करू नये. साहेब वाचत न्हाईत तवर मी बसणार न्हाई."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या शेजारच्या अबीकडे. त्यांनी चष्मा सारखा केला, बोट पानावर वर नेलं आणि वाचलं. कोण आधी खाऊन बसायचं आणि कोण उपाशी राहायचं, ते सगळं, सावकाश. मग खालचं वाचलं. मग पुस्तक मिटून म्हणाले, "हा राग लेकरांवर नाही. मोठ्यांवर आहे. हे आजपर्यंत आम्ही सांगायला हवं होतं." पदरावरची मूठ सुटली.

घरी येताना अबी दोन पावलं पुढे चालत होती. कॉलनीच्या फाटकाशी ती थांबली आणि माझ्याकडे वळली.

"मम्मी, त्यानं नुसती खाल्ली न्हवती. चड्डीच्या खिशात पण घातली व्हती. चार तुकडे."

"चार?"

"मला दे म्हटलं तर म्हणला, तुला न्हाई, सायमाला देणार हाय."

आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून हसलो, इतकं की फाटकावरचा माणूस बघायला लागला. मग अबी त्याच्याबद्दल बोलायला लागली आणि घर आलं तरी तिचं बोलणं संपलं नव्हतं, म्हणून आम्ही कुलूप न काढता तशाच पायरीवर बसलो.